मदत हवी आहे: रहस्यकथा नेमकी कुठे थांबवायची?

आमचं वाचनमंडळ ९ जणांचं. पुढचं पुस्तक अगाथा ख्रिस्तीचं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४). पद्धत नेहमीचीच: ठरलेल्या प्रकरणापर्यंत वाचायचं, मग प्रत्येकाने खुनी, हेतू आणि तीन पुरावे चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करायचं. शेवट वाचून झाल्यावर पाकिटं फोडायची. नुसतं नाव बरोबर आलं तर १ गुण, पुराव्यांना प्रत्येकी २. नाहीतर तुक्के मारणारेच जिंकतात.

एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत वाचकाला आव्हान देणारं पानच असतं, तिथे थांबलं की झालं. इथे तशी सोय नाही. तीन भाग आहेत: ८, १५ आणि ९ प्रकरणं. जबान्या बहुतेक दुसऱ्या भागात. तिसऱ्याच्या दुसऱ्या प्रकरणात दहा प्रश्नांची यादी येते. तिथे थांबावं असं मला वाटतं, पण काहींच्या मते आठव्यापर्यंत जायला हवं. माझ्या मते तोवर इतकं उघड होतं की सोडवायला फारसं उरतच नाही.

थांबा पान क्रमांकाने सांगू नका. निम्म्यांकडे मराठी अनुवाद आहे, पानं जुळत नाहीत. भाग आणि प्रकरण सांगा.

शिवाय रेल्वेच्या डब्याचा नकाशा, कोण कुठल्या बर्थवर, हे फळ्यावर काढायचं की ज्याचं त्याने वहीत? फळ्यावर काढलं की एकाचा तर्क सगळ्यांच्या चिठ्ठीत उतरतो.

आणि सिनेमा आधीच पाहिलेल्यांचं काय करता? त्यांना गुण मोजायला बसवावं का?

उत्तरात कृपया शेवट फोडू नका!