मदत हवी आहे: गौरी-गणपतीचा ताण कसा कमी करता?

नमस्कार मैत्रिणींनो,

आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती आणि मग उभ्या गौरी. गणपतीचं कसंही निभावतं, खरी धडकी गौरींची. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. म्हणजे रविवार बघून काही येत नाहीत त्या! पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, पुढ्यात लाडू-करंज्यांचा फराळ आणि संध्याकाळी हळदीकुंकू. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यामुळे ओट्याशी मी एकटी. ऑफिसात सुट्टी मागताना तोंड चुकवावं लागतं ते वेगळंच.

श्रावण लागला की माझी झोप उडते, छातीत धडधडतं, मुलांवर विनाकारण ओरडते. (डॉक्टरांना दाखवणार आहेच, तेवढं लिहू नका.)

मला सण बंद करायचा नाही. गौरी उभ्या राहिल्या की घर खरंच भरल्यासारखं वाटतं. पण फराळ आणि पोळ्या बाहेरून आणू म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "नैवेद्य घरचाच हवा." त्यांना न दुखावता हे कसं बोलू? सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी कोणी करतं का? नवऱ्याकडे आणि दिराकडे नेमकी कोणती कामं सोपवलीत, आणि ती त्यांनी खरंच केली का? पुरण आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये ठेवलं तर पोळी फुटते का, तेही सांगा.