डायनोवर २६२ की ३२४? उंचीवर टर्बो गाडीचा कुठला आकडा धरायचा

बूस्टवेडा:
गाडी २.० लिटर टर्बो पेट्रोल. डाउनपाइप, मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), इनटेक आणि कस्टम ट्यून (इंजिन कंप्युटरचं नवं सेटिंग) झालंय. राहतो समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर. काल डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या मशीनवर) चढवली. शीटवर ठळक अक्षरांत ३२४ व्हील हॉर्सपॉवर, खाली बारीक अक्षरांत 'एसएई'. घरी येऊन फाइल उघडली आणि करेक्शन (हवेचा दाब-तापमान धरून आकडा बदलणं) बंद केलं, तर तोच रन २६२! करेक्शन फॅक्टर १.२३६ दिसतोय. म्हणजे ६२ घोडे नुसत्या गुणाकारातून आले. मित्र म्हणतो, उंचीवर करेक्टेडच धरायचा, सगळे तेच करतात. पण चालवताना गाडी ३२४ ची वाटत नाही, खरं सांगतो. गेजवर बूस्ट (टर्बोनं वाढवलेला दाब) १.० बार, रेडलाइनपर्यंत जवळपास सपाट. हवा २५ अंश. यातलं खरं काय मानू?

तिसरा_गिअर:
३२४ लिहा फोरमच्या सहीत आणि झोपा निवांत. विचारणाऱ्यानं विचारलं तर शीट दाखवा.

जुना_ट्यूनर:
३२४ विसरा. आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या इंजिनाचा नाही.

एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे१३४९ मानकाचं करेक्शनचं सूत्र काय करतं ते बघा. कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार आणि तापमान २५ अंश असं प्रमाण धरतं, आणि तुमच्या जागेचा दाब त्यापेक्षा जितका कमी तितकी ताकद वर चढवून देतं. १६०० मीटरवर दाब साधारण ८३५ मिलिबार, त्यातली वाफ वजा केली की कोरडा दाब ८२५ च्या आसपास. ९९० भागिले ८२५ म्हणजे १.२. त्याला १.१८ नं गुणा, ०.१८ वजा करा, आले तुमचे १.२३६. डायनोवाल्यानं गडबड केलेली नाही, मशीननं गणित बरोबर केलंय.

घोळ गृहीतकात आहे. बाहेरचा दाब जितका घटला तितकीच सिलिंडरमधली हवा घटली, असं हे सूत्र मानतं. विनाटर्बो इंजिनाला ते लागू पडतं, कारण त्याला हवा ढकलून देणारं कोणी नाही. तुमच्याकडे टर्बो बसलाय ना! बाहेर हवा विरळ झाली तरी तो जास्त जोरानं फिरून बरीचशी भरपाई करतो. त्या भरपाईनंतर जी ताकद उरली तिलाच तुम्ही परत १.२३६ नं गुणलंत, म्हणजे एकच भरपाई दोनदा. शिवाय हे सूत्र मुळात ९०० ते १०५० मिलिबार कोरड्या दाबासाठी आहे. ८२५ ला ते वापरणंच ताणलेलं आहे.

आता तुमचा गेज. तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. १.० अधिक ०.८३५, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत) एकूण १.८३५ बार. समुद्रकाठी तोच गेज १.० दाखवेल तेव्हा एकूण होईल २.०१३. फरक जेमतेम १० टक्के. २३.६ नाही. त्या हिशेबानं खाली उतरल्यावर ही गाडी फार तर २८५-२९० देईल.

तेही ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) गेजचा बूस्ट धरून ठेवत असेल तरच. स्प्रिंगवर चालणारं साधं वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) बहुधा तसंच वागतं. पण ईसीयू एकूण दाबाचं किंवा लोडचं लक्ष्य धरत असेल, तर समुद्रकाठी तो १.८३५ एवढाच राखेल, गेजवर दिसतील ०.८२ बार, आणि ताकद जवळपास आहे तीच. टर्बोला कमी राबावं लागेल म्हणून हवा थोडी थंड मिळेल, इतकाच फायदा. तेव्हा आधी ट्यूनमध्ये लक्ष्य कशाचं आहे ते बघा. आणि मॅफचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) लॉग असेल तर इथं टाका.

सपाट_टॉर्क:
एक भर घालतो. काही शीटवर एसएई ऐवजी 'एसटीडी' असतं, म्हणजे करेक्शनचं दुसरं मानक. तो आकडा आणखी साधारण ४ टक्क्यांनी फुगलेला असतो. दोन गाड्यांची शीटं शेजारी ठेवताना आधी हे तीन अक्षरांचं लेबल बघायचं. आणि जड लोड देणारा डायनो ड्रमच्या डायनोपेक्षा बहुधा कमी दाखवतो, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी भांडण नको. तोच डायनो, तोच गिअर, आधी आणि नंतर, एवढंच कामाचं.

वेस्टगेटची_शिट्टी:
उलटा प्रकारही होतो बरं का. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीवर नेऊन दाखवलेला असतो, त्यामुळे डोंगरावरही १०१५ दिसतो. तोच कोणी हातानं डायनोत घातला की करेक्शन जवळजवळ गायब होतं, आणि मालक गाडीत बिघाड शोधत बसतो. जागेवरचा दाबच हवा.

बूस्टवेडा:
दादा, लॉग काढला. मॅफ जास्तीत जास्त २३२ ग्रॅम प्रति सेकंद. मॅपवर (मॅनिफोल्डमधला एकूण दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) १.८४ बार, त्याच आरपीएमला. ट्यूनमध्ये लक्ष्य एकूण दाबाचंच आहे.

जुना_ट्यूनर:
मग उत्तर तुमच्याच लॉगमध्ये आहे. मॅफ हवेचं वस्तुमान मोजतो, उंचीशी त्याला देणंघेणं नाही. २३२ ग्रॅम म्हणजे मिनिटाला साधारण ३०.७ पौंड हवा. पेट्रोल टर्बोसाठी ढोबळ आडाखा असा, की मिनिटाला १ पौंड हवेमागे क्रँकवर (म्हणजे इंजिनावरच, चाकांवर नाही) १० घोडे. झाले ३०७. ड्राइव्हट्रेनचे १५ टक्के काढा, २६१ उरतात. ३२४ व्हीलसाठी मॅफवर २८८ च्या आसपास दिसायला हवे होते.

दोन अटी. १५ टक्के हाही अंदाजच आहे. आणि तुम्ही इनटेक बदललाय. पाइपचा व्यास बदलला की मॅफचं कॅलिब्रेशन हलतं, म्हणून फ्युएल ट्रिम्स (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती) बघा. शून्याजवळ असतील तर मॅफवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

बूस्टवेडा:
ट्रिम्स दोन-तीन टक्क्यांच्या आत आहेत. मग २६२ च. आता बूस्ट १.१८ केला तर समुद्रकाठचे २.०१ बार इथंच मिळतील ना?

जुना_ट्यूनर:
दाब मिळेल, पण टर्बोला विचारा. आत्ता तो २.२ पट दाबतोय, तेव्हा २.४१ पट दाबावा लागेल. फिल्टर आणि इंटरकूलरमधली घट धरली तर त्याहून जास्त. कंप्रेसर त्याच्या क्षमतेच्या आलेखाच्या (कंप्रेसर मॅपच्या) कडेला गेला की नुसती गरम हवा ढकलतो, ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, आणि वाढवलेल्या बूस्टचं काहीच हाती लागत नाही. आधी याच रनचा इनटेक तापमानाचा आणि नॉक रिटार्डचा (इंजिन ठोकू नये म्हणून मागे घेतलेल्या टायमिंगचा) लॉग टाका. ५५०० आरपीएमच्या वर टायमिंग खात असेल, तर बूस्टला हात लावायचा नाही.