मदत हवी आहे: हॉट रॉडच्या अल्टरनेटर ब्रॅकेटला बेंडपाशी पुन्हा पुन्हा तडा जातोय

नमस्कार मंडळी,

घरी हॉट रॉड (जुन्या गाडीच्या धर्तीवर स्वतः बांधलेली, दुसरं इंजिन बसवलेली गाडी) बांधतोय. १९३२ च्या फोर्डच्या धर्तीवर चासी केली आहे, १०६ इंच व्हीलबेस, १०० x ५० x ४ मिमीच्या बॉक्स पाइपच्या रेल. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा सरळ अ‍ॅक्सल असं सगळं जागेवर बसलंय. इंजिन चालतं, गाडी पुढेमागे होते. काम अडलंय ते एका ब्रॅकेटवर.

ज्यांनी अशी गाडी बांधली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे इंजिन आणि ही चासी कुठल्याच कारखान्यात एकत्र आलेली नाहीत, त्यामुळे दोघांना जोडणारं काहीच तयार मिळत नाही. रेडिएटरचं, पेडलचं, स्टीअरिंग कॉलमचं, अल्टरनेटरचं, प्रत्येक ब्रॅकेट आपणच आखायचं, कापायचं, वाकवायचं. मला या कामाचा हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. आधी पुठ्ठ्यावर आखायचं, पुठ्ठा जागेवर धरून बघायचा, मग पत्र्यावर उतरवायचं. म्हणून हे ब्रॅकेट नीट, कायमचं व्हावं अशी फार इच्छा आहे.

इंजिन चार सिलिंडरचं, सरळ रांगेतलं, पुशरॉडवालं. मूळ अल्टरनेटर जिथे होता तिथून आता स्टीअरिंगचा शाफ्ट जातो. म्हणून तो ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला घेतला. तिथे एम १० आट्यांची दोन भोकं मोकळी होती. ब्रॅकेट एल आकाराचं आहे. उभा पाय त्या दोन बोल्टांनी ब्लॉकला घट्ट, आडवा पाय ८० मिमी बाहेर आलेला आणि ८० मिमी रुंद, त्याच्या टोकाला वेल्ड केलेले दोन कान आणि त्या कानांतून पिव्हटचा बोल्ट. अल्टरनेटरचं वजन ५ किलोच्या आसपास. वरच्या अंगाला खाच पाडलेली पट्टी आहे, बेल्ट ताणून धरायला. ती जवळजवळ आडवीच आहे.

पहिलं ब्रॅकेट ५ मिमी एम.एस. (माइल्ड स्टील) प्लेटचं होतं. बेंडच्या बाहेरच्या अंगाला, अगदी कडेपाशी, केसासारखी रेघ दिसली आणि ती वाढत गेली. मग तेच माप ठेवून ६ मिमीचं केलं. त्यालाही त्याच जागी तडा. दोन्ही वेळा वेल्डिंग शाबूत, कान शाबूत.

पहिलं ब्रॅकेट शेवटी हातात तुटून आलं तेव्हा तुटलेला भाग उजेडात धरून पाहिला. कडेकडचा साधारण दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यात कडेपासून आत पसरत गेलेल्या वक्र रेघा. उरलेला तुकडा मात्र खरखरीत आणि चकचकीत.

आणखी एक निरीक्षण. ५ मिमीचं असताना इंजिन २१०० आरपीएमच्या आसपास आलं की अल्टरनेटर जोरात थरथरायचा, पुढे गेलं की शांत. ६ मिमीचं लावल्यावर तीच थरथर २८०० ला येते. इंजिन मी ४५०० च्या वर नेत नाही.

आता प्रश्न. सरळ ८ किंवा १० मिमीची प्लेट घ्यावी का? आतून त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला आधार देणारा पत्र्याचा तुकडा) मारावं का, आणि मारलं तर एक की दोन? की रचनाच बदलावी? शिवाय इंजिन माउंटची ब्रॅकेटं सध्या चासीला फक्त टाके मारून धरली आहेत, पूर्ण वेल्ड अजून केलेली नाहीत. ४ मिमी भिंतीच्या बॉक्स पाइपवर ६ मिमीची प्लेट थेट वेल्ड करणं बरोबर आहे का? माझ्याकडे मिग वेल्डर, ग्राइंडर, स्टँडवरचं ड्रिल आणि दणकट व्हाइस आहे. प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) नाही.

प्रतिसाद १

उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे. २१०० आणि २८०० या दोन आकड्यांकडे बघा.

सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांची प्राथमिक (फेऱ्याला एकदा येणारी) बलं एकमेकांना संपवतात, पण दुय्यम (फेऱ्याला दोनदा येणारी) बलं संपत नाहीत, त्यांची बेरीज होते. क्रँकच्या एका फेऱ्यात इंजिन दोनदा वर-खाली ढकललं जातं. २१०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३५ फेरे, म्हणजे सेकंदाला ७० धक्के, ७० हर्ट्झ. २८०० ला तो ९३ हर्ट्झ होतो.

आता तुमची आडवी प्लेट. तिचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५ ची ६ केली की ताठपणा १.७३ पट. नैसर्गिक वारंवारता (टोला दिल्यावर वस्तू स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते) त्याच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे १.३१ पट. २१०० ला १.३१ ने गुणा, २७५० येतात. तुमची थरथर नेमकी तिथेच सरकली. हा रेझोनन्स आहे, म्हणजे इंजिनचे धक्के ब्रॅकेटच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळले की थरथर खूप वाढते. ब्रॅकेट ५ किलोच्या वजनाने मोडत नाहीये, बेल्टच्या ताणानेही नाही. त्या ठरावीक आरपीएमवर गाडी चालते तेव्हा ते मिनिटाला ५६०० वेळा वर-खाली वाकतंय. गुळगुळीत भागातल्या वक्र रेघा म्हणजे थकव्याचा तडा टप्प्याटप्प्याने पुढे सरकल्याची खूण. खरखरीत भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला.

म्हणजे ध्येय स्पष्ट आहे. ४५०० आरपीएमला धक्का १५० हर्ट्झचा. अल्टरनेटर लावलेल्या ब्रॅकेटची वारंवारता त्याच्या बरीच वर न्या, २०० च्या आसपास. ८ मिमीची प्लेट हिशेबाने १४० हर्ट्झला येते, म्हणजे थरथर ४२०० ला. तुमच्या वापराच्या आतच! १० मिमी चालेल, पण ती घरच्या व्हाइसमध्ये वाकणार नाही. जाडी वाढवण्यापेक्षा त्रिकोण करा. दोन्ही कडांना एकेक गसेट द्या, मधे एकच देऊ नका, कारण तडा कडेपासून सुरू होतोय आणि मधल्या गसेटने कडा मोकळ्याच राहतात. त्याशिवाय आडव्या पायाच्या टोकापासून ब्लॉकवर किंवा हेडवर तिसऱ्या एखाद्या भोकापर्यंत एक तिरकी दांडी द्या. खाचेची पट्टी आडवी आहे, ती अल्टरनेटरचं फिरणं अडवते, वर-खाली होणं अडवत नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. ही दांडी चासीला बांधू नका. इंजिन रबरवर डोलतं, चासी डोलत नाही, मग दांडी तरी तुटेल नाहीतर ब्लॉकचा कान.

करण्याआधी आणि केल्यानंतर मोजा. इंजिन बंद, बेल्ट नेहमीच्या ताणावर, अल्टरनेटरला रबरी हातोडीने वरून टोला द्या आणि फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम (किती हर्ट्झचा आवाज किती मोठा त्याचा आलेख) दाखवणारं अ‍ॅप लावून माइक जवळ धरा. सर्वात उंच शिखर कुठे येतं ते बघा. फोनमधला हालचालीचा सेन्सर वापरू नका, अनेक फोनमध्ये त्याचा वेग १०० हर्ट्झ पकडण्याइतका नसतो.

प्रतिसाद २

वरच्यांनी कारण सांगितलं, मी हाताच्या कामाबद्दल लिहितो. रेझोनन्स असला तरी तडा कुठून सुरू व्हायचा ते तुमच्या कडा ठरवतात.

ग्राइंडरने कापलेल्या कडेवर आडवे ओरखडे राहतात. बेंडवर तोच ओरखडा ताणाला काटकोनात येतो आणि तडा तिथून उघडतो. कडा कानसेने घासा, पण कानस कडेच्या लांबीच्या दिशेने ओढा, आडवी नको. मग दोन्ही बाजूंचे कोपरे मारून गोल करा. बेंडच्या आसपास ३०-४० मिमी तरी हे झालंच पाहिजे. तेवढ्याने सुद्धा आयुष्य खूप वाढतं.

दुसरं, आतली वक्रता. व्हाइसच्या जबड्यावर हातोडीने ठोकून वाकवलं की आत जवळजवळ धार पडते. निदान जाडीएवढी त्रिज्या हवी. ६ मिमी प्लेटसाठी १२ मिमीची गोल सळई जबड्याशी धरून तिच्यावरून वाकवा. थंड वाकत नसेल तर बेंडची रेघ लाल होईपर्यंत तापवा, माइल्ड स्टीलला त्याने काही होत नाही. फक्त पाण्यात बुडवू नका, हवेत निवू द्या. आणि प्लेट कापताना रोलिंगची दिशा बघा, बेंडची रेघ त्या दिशेला आडवी आली पाहिजे.

माप काढताना दोन बाहेरच्या बाजूंची बेरीज करू नका, ब्रॅकेट मोठं होईल. समजा बाहेरून ८० आणि ६०, जाडी ६, आतली त्रिज्या ६. प्रत्येक पायातून त्रिज्या अधिक जाडी म्हणजे १२ वजा करा, उरले ६८ आणि ४८. बेंडमध्ये जाणारा भाग म्हणजे १.५७ गुणिले (६ + ०.४ x ६), साधारण १३.२. एकूण १२९ मिमीची पट्टी कापा. तो ०.४ चा आकडा वाकवण्याच्या पद्धतीप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा.

गसेटचा आतला कोपरा १५ मिमी तरी कापून टाका, म्हणजे ते बेंडवर टेकणार नाही आणि बेंडवर वेल्ड येणार नाही. वेल्ड गसेटच्या टोकाला सोडून देऊ नका, टोकाला वळसा घालून पलीकडे न्या. एक बाजू थोडी, मग दुसरी बाजू थोडी असं करा, नाहीतर प्लेट वेल्डकडे ओढली जाते. ब्लॉकच्या दोन बोल्टांवर पाना फिरायला जागा राहते का ते पुठ्ठ्यावरच बघून ठेवा. भोकाचं केंद्र कडेपासून व्यासाच्या दुप्पट आत, म्हणजे एम १० साठी २० मिमी.

प्रतिसाद ३

इंजिन माउंटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

६ मिमीची प्लेट ४ मिमीच्या भिंतीवर थेट वेल्ड केली तर सगळा भार वेल्डच्या कडेवर एका रेघेत येतो आणि पाइपची भिंत तिथे आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलते. मधे ४ मिमीची बूड-प्लेट द्या, ब्रॅकेटपेक्षा चारही बाजूंनी २५-३० मिमी मोठी, कोपरे गोल किंवा दोन्ही टोकं निमुळती. तिचं मुख्य वेल्ड रेलच्या लांबीच्या दिशेने करा. रेलला आडवी, सरळ वेल्डची रेघ काढू नका, विशेषतः खालच्या अंगाला. चासी वाकते तेव्हा खालचा भाग ताणात असतो आणि आडवं वेल्ड तिथे तड्याला आमंत्रण देतं.

बोल्ट रेलच्या आरपार जाणार असेल तर आत स्लीव्ह हवीच. पाइपच्या दोन्ही भिंतींना मोठं भोक पाडा, त्यात जाड भिंतीची नळी आरपार घाला आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. स्लीव्ह नसेल तर बोल्ट आवळताना भिंती आत दबतात, बोल्ट कधी घट्ट होतच नाही आणि काही दिवसांनी नट ढिला सापडतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, आणि आट्यांचा भाग शिअरच्या जागी (जिथे दोन तुकडे बोल्टला आडवे कातरू पाहतात) येऊ देऊ नका, तिथे साधा शँक (बोल्टचा आटे नसलेला भाग) आला पाहिजे. शक्य तिथे ब्रॅकेटचे कान दोन ठेवा, बोल्ट दोन्हीकडून धरला जाईल.

प्रतिसाद ४

गाडीवर वेल्ड करण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. त्यातले डायोड जायला वेळ लागत नाही. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. झिंक प्लेटिंग असलेले नट-वॉशर वेल्ड करायचे असतील तर प्लेटिंग आधी घासून काढा, तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर कधीही आर्क लावू नका. त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. तेल काढायला अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या, डबा लांब ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

टोला मारून मोजलं. सध्याच्या ६ मिमीच्या ब्रॅकेटचं शिखर ९४ हर्ट्झला आलं, हिशेबात ९३ होतं! मग नवीन केलं. ६ मिमी प्लेट, १२ च्या सळईवरून तापवून वाकवली, कडा कानसेने लांबीच्या दिशेने घासल्या, दोन्ही कडांना कोपरा कापलेली गसेटं, आणि टोकापासून हेडच्या एका भोकापर्यंत तिरकी दांडी. दांडीला नळी वापरली पण टोकं चेपली नाहीत, टॅब वेल्ड केले. आता शिखर २१० च्या आसपास दिसतंय. इंजिन ४५०० पर्यंत हळूहळू नेलं, अल्टरनेटर कुठेच थरथरला नाही. बेंड रोज डाय पेनिट्रंट (बारीक तड्यात शिरून तो दाखवणारा लाल रंग) मारून बघणार आहे, लाल रेघ येते का ते.

माउंटसाठी बूड-प्लेटा आणि स्लीव्ह कापायला घेतल्या आहेत.

एकच उरलंय. गसेटच्या वेल्डिंगमध्ये आडवा पाय थोडा ओढला गेला आणि अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा २ मिमी पुढे आली. पिव्हटवर वॉशर घालून मागे घेऊ की कान कापून परत लावू?

प्रतिसाद २

कान कापू नका. आधी लांब सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवा आणि अल्टरनेटरच्या पुलीवर वरचं आणि खालचं अंतर वेगवेगळं मोजा. दोन्हीकडे २ च असेल तर पुली फक्त पुढे आहे. मागच्या कानाची आतली बाजू २ मिमी कानसेने उतरवा, पुढे तेवढ्याच जाडीचा वॉशर घाला, झालं. वर एक आणि खाली तीन येत असेल तर ती तिरकी आहे, आणि त्याला वॉशर पुरणार नाही. तेव्हा ब्लॉकला बसणाऱ्या ब्रॅकेटच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) द्यावी लागेल. बेल्ट ताणून झाल्यावर परत मोजा, ताणाने पिव्हट किंचित सरकतो.