शाळा सुटल्यावर क्लब ठेवला, तर गाडीनं येणाऱ्या पोरींनी काय करायचं?

वऱ्हाडी_पाटी
काल इथे एका सरांनी लिहिलं की, "८वी ते १०वीला विज्ञान, खेळ, नाटक, निसर्ग, वक्तृत्व, चित्रकला असे सहा क्लब काढा आणि रोज शाळा सुटल्यावर तासभर चालवा. शहरातली मुलं त्यामुळेच पुढे जातात." राग आला वाचून, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळा सुटते पाचला. मानव विकासची निळी गाडी, म्हणजे शाळकरी मुलींसाठीची एसटी, फाट्यावर येते सव्वापाचला. ती गेली की पुढची मुक्कामी गाडी, म्हणजे साडेसात-आठ. ५वी ते १२वीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे हे खरं, पण सहाला गाडीच नसेल तर तो पास दाखवायचा कुठे? तांड्यावरून, पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) सायकलनं येणाऱ्या पोरींचंही तेच. डिसेंबरात सहा वाजता अंधार, मधे पांदण रस्ता, दोन्हीकडे डोक्याएवढी तूर. शाळा सुटल्यावर क्लब ठेवला की उरतात फक्त शाळेच्या गावातली पाच-सात पोरं. आणि मार्चमध्ये अहवालात लिहायचं, "मुलींचा प्रतिसाद अल्प".

माझं म्हणणं एवढंच: क्लब दोनच काढा, सहा नको, आणि ते तासिकेत बसवा. बुधवारच्या शेवटच्या दोन तासिका जोडल्या की ३५ अधिक ३५, सत्तर मिनिटं मिळतात. दहा मिनिटं सामान काढायला, पंचेचाळीस कामाला, दहा आवरायला, पाच नोंदवहीला. पाचच्या आत सगळं संपतं. आपल्याकडे शाळा उघडतेच जूनच्या शेवटी, घडी बसेपर्यंत जुलैचा मध्य येतो. जानेवारी संपता संपता १०वीच्या सराव परीक्षा, मार्चमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा. दिवाळी वजा केली तर हातात वीस-बावीस बुधवार राहतात. त्यात सहा क्लब कसे बसवणार, हे त्या सरांनी सांगावं.

गणित_गुरुजी
वेळेचं पटलं, बाकी नाही. ९वीत आलेल्या मुलाला भागाकार येत नाही आणि तुम्ही आठवड्याच्या दोन तासिका काढून घेता. वीस बुधवार म्हणजे चाळीस तासिका. तेवढ्यात बीजगणिताची दोन प्रकरणं नीट होतात.

आणि खरा फायदा कशात आहे ते बघा. ८वीची एनएमएमएस, म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. बौद्धिक क्षमता ९० गुण, शालेय क्षमता ९० गुण, निवड झाली की ९वी ते १२वी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. मजुराच्या घरात हा पैसा पोरीचं शिक्षण टिकवतो. क्लबच्या प्रमाणपत्रानं काय टिकतं?

वऱ्हाडी_पाटी
गुरुजी, त्या तासिका गणिताच्या नाहीतच, म्हणून काढून घेण्याचा प्रश्न येत नाही. शारीरिक शिक्षण, कला, जलसुरक्षा हे वेळापत्रकात छापलेलेच आहेत. जलसुरक्षा ९वी-१०वीला श्रेणीचा विषय आहे. त्या तासाला फळ्यावर समीकरणं सुटतात आणि श्रेणी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरली जाते. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

चित्रकलेला काही मिळत नाही असंही नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा. एलिमेंटरी करून इंटरमिजिएट दिली, तर १०वीला अ श्रेणीचे ७, ब चे ५, क चे ३ गुण वाढतात. गणितात ७ गुण वाढवायला किती तासिका लागतात ते तुम्हीच सांगा.

तासिका_आठवी
तासिकेत बसवा म्हणता, पण घेणार कोण? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात लिहिलं आहे की ६वी ते ८वीला शंभरावर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक हवेत. खेड्यातल्या किती शाळांत तिन्ही आहेत? जो माणूस इतिहास शिकवतो तोच मतदार यादीचं काम करतो, तोच पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, आणि बुधवारी त्यानंच खो-खो शिकवायचा. पदं भरा, मग क्लबचं बोला.

कामगंध
पदं भरली जातील तेव्हा जातील. तोवर मुलांना जे दारात दिसतं त्यावरच क्लब करा, निदेशक लागत नाही. सुरुवात पर्जन्यमापकापासून. दोन लिटरच्या सरळ बाजूच्या बाटलीचा गळा कापून उलटा बसवायचा. बुडाला खळगे असतात, तिथे बारीक गिट्टी आणि सिमेंट ओतून सपाट करायचं आणि शून्याची खूण त्याच्या वर घ्यायची.

पाच शाळांत तीन शाळा चुकतात ती चूक अशी: बाजारातून मोठं नरसाळं आणून बसवतात. नरसाळं १२ सेंटिमीटर आणि बाटली १० सेंटिमीटर व्यासाची असेल, तर पाऊस १.४४ पट दिसतो. ४६ मिलिमीटर पडला तरी पट्टीवर ६६ दिसतात, आणि पोरं घरी जाऊन सांगतात की ६५ च्या वर गेला, अतिवृष्टी झाली. दुसरी चूक, शाळेच्या कडुलिंबाखाली ठेवणं. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब हवं. तिसरी अडचण वेळेची. पावसाची नोंद सकाळी साडेआठची असते आणि तेव्हा शाळेला कुलूप. म्हणून मापक शाळेजवळ राहणाऱ्या मुलाच्या अंगणात ठेवायचा. साडेदहाला मोजून महसूल मंडळाच्या आकड्याशी तुलना केली तर ती चुकीचीच निघणार.

ऑगस्टपासून कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. एकराला दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर वर, पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवायचा. ते विसरलं की सापळा पानांत बुडतो आणि पतंग येत नाहीत. ल्यूर, म्हणजे आतली वासाची गोळी, दर तीन आठवड्यांनी बदलायची. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळी आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आली समजायचं. सोबत २० हिरवी बोंडं फोडायची, दोनात अळी निघाली तरी तोच इशारा. ही नोंदवही घेऊन इन्स्पायर मानकला, म्हणजे शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या केंद्राच्या योजनेला, कल्पना पाठवता येते. एका शाळेला पाच नामांकनं, निवड झाली की मुलाच्या खात्यात १०,००० रुपये.

दिग्रसची_आई
भाऊ, लेकराले शाळेत पाठवतो ते कपाशीतून बाहेर निघावं म्हणून. वेचणीच्या दिवसांत आधीच पोरी घरी राहतात, वर्ग अर्धा रिकामा असते. आता शाळाच त्याइले वावरात नेणार? अन् फवारलेल्या वावरात? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं दवाखान्यात गेली, काही घरी परत आलीच नाहीत, हे विसरले का तुम्ही? क्लबच्या नावानं माही पोरगी त्या तासात जाणार नाही.

कामगंध
ताई, तुमची भीती रास्त आहे, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. फवारलेल्या शेतात मुलं न्यायची नाहीत, कुठल्याच कारणानं नाही. सापळे शाळेच्या आवारातल्या दोन ओळींच्या कपाशीवर लावायचे, तिथे फक्त निंबोळी अर्क. तोही शिकवण्यासारखा आहे: ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून १०० लिटर करायची, म्हणजे ५ टक्के. आवारातल्या दोन ओळींना १० लिटर पुरे, म्हणून सगळं दहाव्या हिश्श्यानं घ्यायचं. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून सावलीत वाळवायच्या. ओल्या पोत्यात भरल्या तर बुरशी धरते आणि अर्क वाया जातो.

पण वावर म्हणजे फक्त मजुरी, हे मला मान्य नाही. बोंडात काय आहे हे ओळखणं हे मजुराचं काम नव्हे, अभ्यासाचं आहे.

दिग्रसची_आई
आवारात असेल तं चालते. वावरात नाही म्हणजे नाही.

खोखो_पोल
सगळे पाऊस आणि अळीवर बोलताय. मुलांना पळायला जागा आहे का ते कोणी विचारत नाही. ज्या विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, ज्याच्या पथकानं १९३६ ला बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले, तिथल्या खेड्यात मैदान म्हणजे काळ्या मातीचा तुकडा. जुलै ते सप्टेंबर चिखल, आणि एप्रिलमध्ये घोटा जाईल एवढ्या भेगा. तालुक्याच्या शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात-पावसाळ्यानंतर. सराव करायचा कधी? पोरं थेट स्पर्धेला जातात, पहिल्या फेरीत हरतात, आणि म्हणायचं ग्रामीण मुलांत दम नाही. क्लब काढायचा असेल तर आधी मैदान करा.

गणित_गुरुजी
दोन ट्रॉल्या मुरूम टाकला की झालं मैदान. त्यासाठी एवढा संताप कशाला?

खोखो_पोल
गुरुजी, याच दोन ट्रॉल्यांनी सगळी मैदानं बिघडली आहेत. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर दोन-तीन इंच मुरूम पसरला, तर पहिल्या उन्हाळ्यात तो भेगांत उतरतो आणि पुढच्या पावसात काळी माती वर येते. दुसऱ्या वर्षी आधीपेक्षा वाईट जमीन: खाली चिखल, वर टोचणारे खडे. मूल पडलं की गुडघा सोलतो.

नीट करायचं तर असं. खो-खोचं क्षेत्र २७ बाय १६ मीटर, चारही बाजूंनी दीड मीटर सोडलं की ३० बाय १९. वरचं १५ सेंटिमीटर खोदून काढायचं. तळाला वाळूचा किंवा चुरीचा पातळ थर, म्हणजे काळी माती वर चढत नाही. मग मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबायचा. एकदम सगळा टाकला तर वरून घट्ट, आतून पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसात खड्डे पडतात. वरचा थर चाळलेल्या लाल मातीचा, दोन बोटं. उतार मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना, शंभराला एक, म्हणजे कडेला साधारण ८ सेंटिमीटर खाली. भोवती फूटभर खोल नाली. नाली काढली नाही तर बाजूचं पाणी काळ्या मातीतून आत शिरतं आणि कडेनं मैदान उचलतं.

गणित_गुरुजी
३० गुणिले १९ गुणिले ०.१५ म्हणजे ८५.५ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटर. तीस ब्रास झाले. दाबल्यावर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त धरा, ३८ ब्रास. कोणती शाळा आणणार एवढा मुरूम? शिवाय मुरूम गौण खनिजात येतो, त्याची परवानगी न घेता ट्रॉली निघाली, तर तहसीलची गाडी रस्त्यातच अडवते. हे तुमच्या हिशेबात नाही.

खोखो_पोल
परवानगी लागते, बरोबर आहे. तो अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह आधी द्यायचा. आणि ३८ जमत नसतील तर कबड्डी घ्या. १३ बाय १० चं मैदान, चारही बाजूंना दोन मीटर सोडून १७ बाय १४. त्याच खोलीला बघा किती लागतो.

गणित_गुरुजी
३५.७ घनमीटर. पाव हिस्सा धरून सोळा ब्रास. हो, निम्म्यापेक्षा कमी आहे. हे होऊ शकतं.

९वीच्या भूमितीत पृष्ठफळ-घनफळ आहेच. हा हिशेब मुलांकडून करून घेणार असाल आणि मोजपट्टी त्यांच्या हातात देणार असाल, तर एक बुधवार मी विरोध करणार नाही. फक्त एक. आणि एनएमएमएसच्या आधीचा महिना ८वीला क्लब नको, यावर मी ठाम आहे.

वऱ्हाडी_पाटी
८वीला तो महिना सोडू. तसंही ८वीची मुलं वेगळी बसवता येतात. पण "फक्त एक बुधवार" ही मेहरबानी नको. त्या तासिका मुलांच्या आहेत.

झाडीपट्टी
वडसा-गडचिरोलीकडून लिहितो. इथे दिवाळीनंतर गावोगावी नाटकं असतात, पोरांना नाटक शिकवावं लागत नाही. तरी शाळेचा नाट्यक्लब फसतो, कारण गुरुजी तीन अंकी निवडतात. तालीम रात्री जाते आणि मुली पहिल्याच आठवड्यात गळतात. वीस मिनिटांचं, सात-आठ पात्रांचं, एकाच देखाव्याचं घ्या. दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, घ्या, ती उघड्यावर होते, पडदा लागत नाही. बुधवारच्या सत्तर मिनिटांत सहा आठवड्यांत उभी राहते. इथे वेळेचा मुद्दा शंभर टक्के पटतो.

तासिका_आठवी
सगळं ठीक, पण माझ्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही. घेणार कोण?

खोखो_पोल
गावात तालुका-जिल्ह्यापर्यंत खेळलेली दोन-चार मुलं-मुली असतात, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं बोलवा. शिक्षक हजर राहील, शिकवतील ते. पदं भरायलाच हवीत, त्यात वाद नाही.

दिग्रसची_आई
कबड्डी घ्या, पण पोरीइचा वेगळा दिवस ठेवा. अन् रेषा मारायले तो पांढरा चुना वापरतात, त्यानं लेकराइच्या पायाची आग होते. त्याचं काय करता?

खोखो_पोल
ताई, आग होते म्हणजे कळीचा चुना नीट न विरवता मारलेला असतो. तो डोळ्यात गेला तर फार वाईट. पूर्ण विरलेला, कोरडा करून चाळलेला घ्यायचा, नाहीतर सरळ चुलीची राख. राखेची रेषा वाऱ्यानं उडते, म्हणून आधी हलकं पाणी शिंपडून मग मारायची. मुलींचा वेगळा दिवस होईल. एक बुधवार त्यांचा, एक मुलांचा. मैदानाचं काम दिवाळीच्या सुट्टीत घ्या: तेव्हा काळी माती ना चिकटते ना दगड होते, खोदायला सोपी जाते. पुढे कधी खो-खो करायचा झाला, तर खांब पक्के गाडू नका, जमिनीत पाइपचा तुकडा बसवून त्यात उभे करा. म्हणजे काढून ठेवता येतात आणि अंधारात कोणी आदळत नाही. खांबाला कुठे धार, खिळा राहिलेला नको. पोरी पूर्ण वेगात त्याला पकडून वळतात.