रंगवून झालंय, आता यूव्ही (मॉडेलचा चित्रावरचा सपाट उलगडा) बदलायचेत. रंग वाचेल का?

कोरीपाटी: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये धातूच्या किटलीचं मॉडेल आहे, टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) २०४८ × २०४८ पिक्सेल, टेक्श्चर पेंटमध्ये हाताने रंगवलेलं. कॅमेरा लांब गेला की सीमवर (उलगडताना जिथं काप दिला त्या कडेवर) काळपट रेघ दिसते, जवळून दिसत नाही. शिवाय तोटीचं आयलंड (उलगड्यातला सुटा तुकडा) एवढंसं आहे की तिथं पिक्सेल उठून दिसतात. पुन्हा अनरॅप केलं (उलगडलं) तर रंग भलतीकडे सरकतो. सगळं परत रंगवायचं का?

सीमशोधक: रेघ मिपमॅपमुळे येते. लांबून बघताना टेक्श्चरची निम्म्या-निम्म्या मापाची प्रत वापरली जाते, त्यात शेजारचे पिक्सेल मिसळतात आणि आयलंडबाहेरचा काळा रंग आत झिरपतो. १६ पिक्सेलची किनार चार वेळा निम्मी झाली की १ पिक्सेलच उरते. पेंटच्या ऑप्शन्समधलं ब्लीड (रंग आयलंडच्या कडेबाहेर किती पसरतो ते) वाढवा, पण ते फक्त नव्या फटकाऱ्यांना लागू होतं. पुढच्या वेळी इमेज काळ्याऐवजी किटलीच्या मूळ रंगाने भरून सुरुवात करा, निम्मा त्रास तिथंच संपतो.

नोडकर: परत रंगवू नका, बेक करा, म्हणजे जुना रंग नव्या उलगड्यानुसार नव्या इमेजवर उतरवून घ्या. यूव्ही मॅप्सच्या यादीत + दाबून दुसरा मॅप घ्या, नाव ‘नवा’. तो निवडलेला ठेवून तोटी मोठी करा आणि आयलंड पॅक करा. आता मटेरियलमध्ये यूव्ही मॅप नोड (जोडण्यांच्या आराखड्यातला ठोकळा) घेऊन त्यात जुना, म्हणजे आधीचा मॅप निवडा आणि रंगवलेल्या इमेजच्या व्हेक्टरला जोडा. हे विसरलं तर बेक बिघडू शकतं. नवी रिकामी इमेज असलेला नोड कशालाही न जोडता नुसता निवडून ठेवा. रेंडर इंजिन सायकल्स, बेक टाइप डिफ्यूज (पृष्ठभागाचा मूळ रंग), डायरेक्ट-इनडायरेक्ट बंद, फक्त कलर चालू, मार्जिन (आयलंडभोवतीची रंगाची किनार) १६ पिक्सेल. या मार्जिनमुळे सीमवरची रेघही बऱ्यापैकी जाते.

तोटीचा तपशील मात्र यातून वाढणार नाही. मुळात नसलेले पिक्सेल बेक आणणार कुठून? तेवढा भाग नव्या यूव्हीवर हाताने रंगवा.

कोरीपाटी: बेक झालं, पण इमेज पूर्ण काळी.

नोडकर: मटेरियलमधलं मेटॅलिक (धातूपणा) १ असणार. धातूला डिफ्यूज रंगच नसतो, म्हणून काळं. इमेजचा कलर एमिशन (स्वतः उजळणाऱ्या पृष्ठभागाच्या) नोडमधून थेट मटेरियल आउटपुटला जोडा आणि बेक टाइप एमिट करा. झाल्यावर जोडणी पूर्ववत.

सीमशोधक: नॉर्मल मॅप (बारीक उठाव दाखवणारं टेक्श्चर) असेल तर त्याला ही एमिटची युक्ती चालत नाही. टॅन्जंट स्पेसचे, म्हणजे पृष्ठभागाच्या सापेक्ष मोजलेले नॉर्मल आयलंडच्या दिशेवर अवलंबून असतात, आयलंड फिरलं की उजेड उलटा पडतो. तो नॉर्मल टाइपनेच बेक करा, नव्या इमेजचा कलर स्पेस नॉन-कलर ठेवून. आणि इमेज एडिटरमधून इमेज वेगळी सेव्ह करा. ब्लेंड फाइल सेव्ह केली म्हणजे इमेज सेव्ह झाली असं नाही.