लग्नाआधी एचआयव्ही तपासणी गावाने सक्तीची करावी का?

मूळ मांडणी

सोयरीक पक्की होण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी या दोघांचीही एचआयव्ही तपासणी ग्रामपंचायतीने सक्तीची करावी, अशी मागणी ग्रामीण भागात अधूनमधून होत असते. गोव्यात २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये राज्य पातळीवरच असा विचार पुढे आला होता. माझा या सक्तीला विरोध आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंधाचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार, मोजके अपवाद वगळता, व्यक्तीला नीट समजावून तिची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाने ती संमती रद्द होत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मुख्य अडचण उरतेच. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, आणि लग्नानंतर काय होईल हे तर कोणताच अहवाल सांगत नाही. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांत ऊसतोडीचा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडीच असते, ती एकत्र राहते; पण ट्रकवर, बांधकामावर किंवा शहरातल्या खोलीत पुरुष अनेक महिने एकटा राहतो, निरोध न वापरता संबंध ठेवतो, गुप्तरोग झाला तर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन अर्धवट उपचार करतो (असा रोग अंगावर असताना एचआयव्हीची लागण अधिक सहज होते) आणि सणाला घरी येतो. त्याला निरोध वापर म्हणायची सोय बायकोला नसते, कारण ते म्हणणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे ठरते आणि सासरच्यांना तर वर्षाच्या आत पाळणा हलायला हवा असतो.

प्रतिसाद : दोन मुलींचा बाप

आपले मुद्दे वाचले, पण ते मुलीकडच्यांच्या जागी उभे राहून लिहिलेले वाटत नाहीत. आम्ही स्थळाची जमीन पाहतो, नोकरी पाहतो, पत्रिका पाहतो; रक्ताचा अहवाल मात्र मागू शकत नाही, कारण मागितला की स्थळ मोडते आणि मुलीच्या नावाला बोल लागतो. नियमच असेल तर मागणाऱ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. तपासणी सगळे धोके टाळणार नाही हे मला मान्य आहे, पण मुलाला आधीच लागण असेल आणि घरच्यांनी ती लपवली असेल, तर तो एक धोका तरी टळेल.

प्रतिसाद : गावपातळीवर लिंक वर्कर (गावात फिरून एचआयव्हीची माहिती देणारी व लोकांना तपासणी-उपचारांशी जोडणारी कार्यकर्ती) म्हणून काम केलेली

दादा, तुमची काळजी खरी आहे, तरीही माझे मत सक्तीच्या विरोधात आहे. गावात अहवाल गुप्त राहत नाही. शिवाय जन्मतःच आईकडून लागण झालेली मुले-मुली आज लग्नाच्या वयाची झाली आहेत. सरकारची मोफत एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे) २००४ मध्ये सुरू झाली आणि त्या गोळ्यांवरच ही मुले वाढली. गोळ्या नियमित घेऊन ज्यांच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडण्याच्या पातळीखाली गेला आहे आणि तसाच राहिला आहे, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ग्रामपंचायतीचा कागद हा भेद करणार आहे का? तो त्यांना गावाबाहेर काढेल, आणि ज्यांना अहवालाची भीती आहे ते तालुक्याला जाऊन हवा तसा दाखला विकत आणतील.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक

या चर्चेत संयमाचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटते. निरोधाची पाकिटे वाटून बाहेरख्यालीपणाला मान्यताच मिळते. पुरुषाने घर सांभाळले तर तपासणीचा प्रश्नच उरत नाही.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

गुरुजी, संयमाला माझा विरोध नाही. पण तो केवळ सांगून येत नाही, आणि शाळेत या विषयावर बोलण्याचा उपक्रम २००७ मध्ये आपल्या राज्यात विरोधामुळेच थांबला होता. मुलांनी हे शिकायचे कुठे?

मुलींच्या वडिलांना सांगायचे आहे ते असे. आजच्या व्यवस्थेत घरातली बाईच आधी तपासली जाते, कारण गरोदरपणात तिला एचआयव्ही चाचणी सुचवली जाते. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला की "तिनेच घरात आणला" असे ठरवून तिला माहेरी पाठवतात आणि नवरा तपासणीला जातच नाही. म्हणून गावाला जोर लावायचाच असेल तर तो पुरुषांवर लावावा. गरोदर बायकोसोबत नवऱ्यानेही संमतीने तपासून घ्यावे, परगावाहून कामावरून परतल्यावर ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) जावे. तिथे तपासणी मोफत होते आणि समुपदेशकही असतो. लग्नाआधी दोघांनी मिळून गेले तर उत्तमच, पण अहवाल त्या दोघांच्याच हातात राहावा.

प्रतिसाद : दोन मुलींचा बाप

नवऱ्यांना तपासणीला पाठवण्याची जबाबदारी गाव उघडपणे घेणार असेल, तर मी पुन्हा विचार करीन. तोपर्यंत माझे मत सक्तीच्या बाजूनेच राहील, कारण "संमतीने" या शब्दाआड आजवर मुलाकडचेच लपत आले आहेत.