शब्दचर्चा: पाकोळी म्हणजे नक्की काय?

मंडळी एक शब्द विचारायचाय. आमच्याकडे आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाट्यात कीड पडली की सगळे म्हणतात "आरणीत पाकोळी शिरली" (आरण म्हणजे काढलेले बटाटे साठवायचा ढीग). बायको सिंधुदुर्गातली, तिच्या लेखी पाकोळी हा पक्षी, वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर गुहेत घरटी करणारा. आणि शेतीच्या माहितीपत्रकात बघावं तर त्याच किडीला एका ओळीत पतंग, पुढच्या ओळीत अळी. मग बरोबर शब्द कुठला धरायचा?

प्रतिसाद: दादा, वहिनींचं पण बरोबर आणि तुमचं पण. शेतीत पाकोळी म्हणजे बारका मळकट पतंग. बटाट्यावरची पाकोळी बसलेली जेमतेम सेंटीमीटरभर, राखाडी तपकिरी, पंखांच्या कडेला झालर, दिवसा पाल्याखाली दडून बसते आणि तिन्हीसांजेला उडायला लागते. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे 1906 मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर आली. कपाशीची गुलाबी बोंडअळी आणि टोमॅटोवरची टूटा दोन्ही हिच्याच कुळातल्या, गेलेकिडी म्हणतात त्या कुळाला. मला विचाराल तर पाकोळी हा शब्द टिकलाच पाहिजे, पतंग म्हटलं की पोरांना आधी संक्रांतच आठवते.

पण अळी आणि पाकोळी एकच समजू नका, जीव एकच असला तरी कामं वेगळी. पीक खाते ती अळी, पानात शिरते, देठ पोखरते, बटाट्यात भुयार करते आणि डोळ्याजवळ काळी विष्ठा बाहेर दिसते. पाकोळी फक्त अंडी घालते, पानावर आणि मातीतून उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्याजवळ. म्हणून तर मातीची भर नीट द्यायची, काढलेला माल रात्री रानात उघडा ठेवायचा नाही आणि त्याच्यावर बटाट्याचाच पाला तर अजिबात झाकायचा नाही कारण पाल्यातली अळी वाळता वाळता खाली बटाट्यात उतरते. आमच्या गावात एकाने कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारे सापळे, लावले आणि आता अळी मरेल म्हणून निवांत बसला, मला फार वाईट वाटलं त्याचं. त्या सापळ्यात सापडते पाकोळी, ती पण फक्त नर, अळी आत खातच राहते.

प्रतिसाद: ह्याच्याहून मोठा घोळ नागअळीचा आहे. संत्रा मोसंबीवरची नागअळी पतंगाची, टोमॅटोवरची आपली जुनी नागअळी मात्र चक्क माशीची! दोन्ही पानात नागमोडी पांढरी रेघ काढतात म्हणून नाव एक पडलं. त्यात 2014 ला पुण्याकडे टूटा सापडली, तिलाही लोक नागअळीच म्हणायला लागले. टूटा पानात रेघेऐवजी फोडासारखा मोठा पांढरट डाग करते आणि फळातही शिरते. माशीला पिवळे चिकट सापळे, टूटाला कामगंध, म्हणजे नुसतं "नागअळी आलीय" म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार तरी काय देणार? मी आता माशीची नागअळी आणि पाकोळीची नागअळी असं फोडूनच सांगतो.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ता): पाकोळीची नागअळी, हे पटलं. आज आरण उकलली, वरच्या थरात सात आठ बटाट्यांना डोळ्याजवळ काळं दिसलं, ते बाजूला काढले. अजून एक शब्द हवाय. कॉपिडोसोमा नावाची बारीक गांधीलमाशी पाकोळीच्या अंड्यात अंडं घालते, त्या एका अंड्याची आतल्या आत कितीतरी पिल्लं होतात आणि पुढे अळी मोठी झाली की तिला आतून खाऊन टाकतात. उरतं ते अळीचं फुगलेलं कडक कातडं, आत सगळे मित्रकीटकांचे कोष. त्याला सगळे "ममी" म्हणतात. आईला ते कानाला कसंतरीच लागतं, ती "भरली खोळ" म्हणते. तुमच्याकडे काय म्हणतात?